घातपात कधी युद्धात बसतो, आणि दहशत का कधीच बसत नाही

तासगाव तालुक्यातल्या माझ्या आजोळी ‘बेचाळीसात’ म्हटलं की पुढे काय येणार हे आम्हा पोरांना पाठ होतं. बेचाळीसात पोरांनी तारा तोडल्या, रूळ उखडले, डाक बंगला जाळला. आजोबा सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. त्याच ओसरीवर सकाळी पेपर यायचा आणि त्यात कधीतरी ‘अपघात की घातपात?’ असा मथळा असायचा. रुळावर लोखंडाचा तुकडा ठेवलेला सापडला, फिशप्लेट काढलेल्या होत्या, असं काहीतरी. तेव्हा तेच आजोबा म्हणायचे, असल्यांना फासावर द्या. मी एकदा विचारलं, आजोबा, काम तर तेच की! ते म्हणाले, “ते येगळं, हे येगळं.” वेगळं का, हे त्यांना सांगता आलं नाही.

वेगळं आहे, आणि ते शब्दांत मांडता येतं. युद्धाचे नियम बनवणारी माणसं शंभरहून अधिक वर्षं याच प्रश्नाशी झगडत आली आहेत. त्यांचं उत्तर मला कळलं ते नॉर्वेतल्या एका कारखान्याच्या गोष्टीतून, म्हणून तीच सांगतो. पण त्याआधी दोन प्रश्न सुटे करून घ्यायला हवेत, नाहीतर सगळी चर्चा पहिल्या पाच मिनिटांतच भांडणावर येते.

पहिला प्रश्न, युद्ध कशासाठी केलं? दुसरा, ते कसं केलं? आंतरराष्ट्रीय कायदा या दोहोंचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडतो. ज्याची बाजू न्याय्य आहे त्याच्या हातूनही युद्धगुन्हा घडू शकतो, आणि आक्रमक देशाचा साधा शिपाई नियमात राहून लढू शकतो. हे पचायला जड जातं, मलाही गेलं. पण उलट करून पाहा. हेतू चांगला असला की साधन माफ, असं एकदा ठरलं तर एकही नियम उरणार नाही, कारण आपला हेतू वाईट आहे असं म्हणत कुणीच बंदूक उचलत नाही.

‘कसं केलं’ या प्रश्नात कायदा सगळ्यात आधी विचारतो, नेम कशावर होता? मग विचारतो, त्या नेमापायी भोवतालची किती निरपराध माणसं जाणार हे दिसत होतं, आणि ती वाचवण्यासाठी काय केलं? शेवटी, ज्यानं केलं तो कोण, त्याच्या अंगावर काय होतं? आपण वादात नेमका हा शेवटचा प्रश्न आधी घेतो, ‘तो सैनिक होता की अतिरेकी?’, आणि पहिला विसरतो.

आता घातपात. मराठीत हा शब्दच मुळात आरोपासारखा येतो. त्यामुळे युद्धाच्या कायद्यात घातपातावर बंदी नाही हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. जो पूल विमानातून बॉम्ब टाकून पाडणं चालतं, तोच पूल खाली जाऊन हातानं सुरुंग लावून पाडणंही चालतं. १९७७ साली जिनिव्हा करारांना जो पहिला जोडकरार झाला, त्यानं लष्करी लक्ष्याची कसोटी लिहून ठेवली आहे. त्या वस्तूचा शत्रूच्या लढाईला खराखुरा हातभार लागत असला पाहिजे, आणि ती नष्ट केल्यानं त्या घडीला ठोस लष्करी फायदा मिळाला पाहिजे. दोन्ही हवं. दारूगोळ्याचं कोठार बसतं. शाळा बसत नाही, तिथं तोफ मांडलेली नसेल तर.

नॉर्वेची गोष्ट या कराराच्या कितीतरी आधीची. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीनं नॉर्वेवर चढाई केली आणि जूनपर्यंत देश ताब्यात घेतला. र्‍यूकान गावाजवळ, खोल दरीच्या कडेला वेमॉर्क नावाचा जलविद्युत कारखाना होता, नॉर्स्क हायड्रो या कंपनीचा. तिथं विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढत आणि त्यापासून खत बनवत. त्याच कामात थोडं थोडं ‘जड पाणी’ हाती लागे. हे दिसायला साधं पाणीच, पण त्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते उपयोगी पडतं. जर्मन शास्त्रज्ञांना ते हवं होतं आणि लंडनला भीती होती अणुबॉम्बची.

नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश इंजिनिअर सैनिकांना ग्लायडरमधून पाठवलं गेलं. दोन्ही ग्लायडर कोसळली. जे वाचले ते जर्मनांच्या हाती लागले आणि अंगावर गणवेश असूनही मारले गेले. कारण महिन्याभरापूर्वी, १८ ऑक्टोबरला, हिटलरनं गुप्त हुकूम काढला होता की कमांडो सापडले तर गणवेशात असले तरी ठार करा.

पुढचा प्रयत्न नॉर्वेच्याच माणसांचा. २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नऊ जण बर्फातून दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडून पलीकडचा कडा चढले आणि कारखान्याच्या रेल्वेरुळांवरून आत शिरले. त्यांचा म्होरक्या योआकिम रॉनेबर्ग, वय तेवीस. तो एका सोबत्याबरोबर केबलच्या बोगद्यातून सरपटत तळघरात पोचला. तिथं रात्रपाळीला एक नॉर्वेजियन पहारेकरी होता. एकानं त्याच्यावर पिस्तूल धरलं आणि रॉनेबर्ग जड पाण्याच्या टाक्यांना स्फोटकं बांधू लागला. दोन मिनिटांच्या वाती त्यानं तोडून तीस सेकंदांच्या केल्या. स्फोट झाल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकूनच निघायचं होतं.

काडी ओढायची वेळ आली आणि पहारेकरी म्हणाला, थांबा, माझा चष्मा राहिला. युद्धाच्या दिवसांत नवा चष्मा मिळणं मुश्कील. रॉनेबर्ग थांबला. बाहेर जर्मन पहारा, हातात पेटवायची वात, आणि हा माणूस टेबलावरचे कागद चाळून दुसऱ्याचा चष्मा शोधतोय. चष्मा सापडला, पहारेकऱ्याला दिला, मग वात पेटवली आणि त्याला वर पळायला सांगितलं. सुमारे ५०० किलो जड पाणी तळघराच्या मोरीतून वाहून गेलं. एक गोळी झाडली गेली नाही, एक माणूस मेला नाही.

घातपात नियमात कसा बसतो ते मला या चष्म्यात दिसतं. नेम टाकीवर होता. जो माणूस मध्ये आला तो शत्रूच्या कामाला लावलेला असला तरी नेम त्याच्यावर नव्हता, आणि हे त्या क्षणी रॉनेबर्गला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी जाणूनबुजून केली. कपड्यांवर कपडे असतील, पण आत ब्रिटिश लष्करी गणवेश होता, आणि निघताना त्यांनी एक टॉमी गन, म्हणजे ब्रिटिश सैन्य वापरी ती बंदूक, मागे टाकली. जर्मनांना कळावं की हे काम सैनिकांचं आहे, म्हणजे गावकऱ्यांवर सूड उगवला जाणार नाही. गणवेश म्हटलं की आपल्याला परेड आठवते. त्याचं खरं काम, निदान अर्धं, हेच आहे. मी सैनिक आहे, मला मार, माझ्या शेजारच्याला नको, असं तो शत्रूला सांगतो.

म्हणून गणवेशावरून नशिबं फिरतात. मार्च १९४४ मध्ये पंधरा अमेरिकन सैनिक इटलीच्या किनाऱ्यावर रेल्वेचा बोगदा उडवायला उतरले आणि पकडले गेले. गणवेशात होते, तरी जर्मन जनरल अँटोन डोस्टलरच्या हुकमावरून त्यांना गोळ्या घातल्या. युद्धानंतर अमेरिकन लष्करी न्यायालयानं डोस्टलरला दोषी ठरवलं. वरून हुकूम होता हा बचाव चालला नाही आणि १ डिसेंबर १९४५ रोजी त्यालाच गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे गणवेशात बोगदा उडवायला आलेला माणूस युद्धकैदी असतो आणि त्याला मारणारा गुन्हेगार.

याच्या अगदी उलट १९४२ च्या जूनमध्ये घडलं. आठ जर्मन पाणबुडीतून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले, कारखाने आणि रेल्वे उडवायचा बेत होता. उतरताच गणवेश वाळूत पुरून त्यांनी साधे कपडे चढवले. एकही स्फोट झाला नाही, त्यांच्यातल्याच एकानं जाऊन माहिती दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की गणवेश टाकून, लपून शत्रूच्या मुलखात घातपाताला शिरणाऱ्याला युद्धकैद्याचा हक्क मागता येत नाही. सहा जणांना ८ ऑगस्टला विजेच्या खुर्चीवर बसवलं. लक्ष्य लष्करी होतं म्हणून ते वाचले नाहीत. इथं नीट लक्ष द्या, कारण इथंच गल्लत होते. लक्ष्य योग्य असणं आणि करणाऱ्याला सैनिकाचं संरक्षण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या कपड्यांत पूल उडवणारा दहशतवादी ठरेलच असं नाही, पण सापडला तर शत्रू त्याच्यावर खटला भरू शकतो आणि तो तक्रार करू शकत नाही.

वेमॉर्ककडे परत येतो, कारण ती गोष्ट चष्म्यापाशी संपली असती तर सोपी होती. जर्मनांनी काही महिन्यांत कारखाना पुन्हा सुरू केला. मग १६ नोव्हेंबर १९४३ रोजी शंभरावर अमेरिकन बॉम्बफेकी विमानं आली, शेकडो बॉम्ब टाकले. तळघरातली यंत्रणा बरीचशी शाबूत राहिली. नॉर्वेचे वीसहून अधिक नागरिक मेले. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या नॉर्वेच्या सरकारनं याचा निषेध केला. हे वैमानिक गणवेशात होते, विमानांवर खुणा होत्या, सगळं रीतसर. आणि तरीही तळघरात सरपटत गेलेल्या नऊ जणांचं काम मला या रीतसर हल्ल्यापेक्षा शंभर पटींनी माणुसकीचं वाटतं. ‘घातपात’ म्हणजे भ्याड आणि ‘हवाई हल्ला’ म्हणजे सभ्य, अशी जी समजूत आपल्या मनात नकळत बसलेली असते ती तपासून पाहायला हवी.

बॉम्बफेकीनंतर जर्मनांनी उरलेलं जड पाणी जर्मनीला हलवायचं ठरवलं. रस्ता एकच. रेल्वेचे डबे फेरीबोटीवर चढवून टिन सरोवर ओलांडायचं. बोटीचं नाव ‘हायड्रो’. तिच्यावर रोजचे प्रवासीही असायचे, गावातलेच. क्नुट हाउकेलिड, वेमॉर्कच्या नऊ जणांपैकीच एक, त्यानं लंडनला विचारून घेतलं की एवढी किंमत मोजण्यासारखं हे खरंच आहे का. उत्तर आलं, फार महत्त्वाचं आहे, करा.

१९ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री हाउकेलिड आणि दोघे बोटीवर गेले. पहारेकऱ्यानं हटकलं. त्यांनी सांगितलं, गेस्टापो मागे लागलेत, लपायला जागा हवी. तो बिचारा नॉर्वेजियनच, त्यानं खाली जाऊ दिलं. तळाशी गुडघाभर पाण्यात त्यांनी आठेक किलो स्फोटकं बांधली, वेळ लावायला गजराची घड्याळं. बोट सरोवराच्या सगळ्यात खोल भागावर असेल असा हिशेब केला होता. रविवार निवडला, कारण रविवारी प्रवासी कमी. परत जाताना हाउकेलिडनं त्या पहारेकऱ्याचा हात हातात घेतला, आभार मानले आणि निघाला. काही सांगू शकला नाही. सांगितलं असतं तर जर्मनांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमारास बोट बुडाली. अठरा जण गेले, त्यात चौदा नॉर्वेचे साधे नागरिक, चार जर्मन सैनिक. एकोणतीस वाचले.

आजच्या नियमानं हे काय ठरेल? लक्ष्य म्हणजे जड पाण्याची ती पिंपं, आणि त्यांना नेणारी बोट त्या फेरीपुरती लष्करी. प्रवासी नेम नव्हते, पण ते मरणार हे माहीत होतं. इथं प्रमाणाचा नियम लागतो. अपेक्षित ठोस लष्करी फायद्याच्या मानानं नागरिकांची हानी बेसुमार असेल तर हल्ला करायचा नाही. तराजूच्या एका पारड्यात अणुबॉम्ब असेल तर दुसऱ्यात चौदा माणसं हलकी ठरतात. पण तो अणुबॉम्ब नव्हताच. जर्मनी त्याच्या जवळपासही पोचलेला नव्हता, हे युद्धानंतर कळलं. कायदा मात्र त्या रात्री जे ठाऊक होतं त्यावरच तोलतो. आणि पूर्वसूचना? परिस्थितीनं शक्य असेल तर द्यावी, इतकंच नियम म्हणतो. मला ही कारवाई दहशतवाद म्हणवत नाही, कारण त्या माणसांच्या मरणावर तिचं यश अवलंबून नव्हतं. बोट रिकामी असती तर हाउकेलिड सुखानं झोपला असता. पण ती निष्कलंक होती असंही मला म्हणवत नाही.

बोट रिकामी असती तर? दहशत ओळखायची ती याच प्रश्नावरून.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत गाठोडी उशाला घेऊन माणसं बसली होती. तिथं गोळीबार झाला. एकट्या सीएसटीत पन्नासहून अधिक, शहरभरात १६६ माणसं गेली. ते स्थानक त्या रात्री रिकामं असतं तर मारेकऱ्यांच्या लेखी सगळी मोहीम फुकट गेली असती. माणसं हेच लक्ष्य होतं आणि न मेलेल्या कोट्यवधींना घाबरवणं हा हेतू. १९७७ च्या करारातलं ५१ वं कलम नागरिकांवर नेम धरायला मनाई करतं, आणि ज्याचा मुख्य हेतू लोकांत दहशत पसरवणं आहे असं कृत्यच काय, नुसती तशी धमकीही निषिद्ध ठरवतं. त्याला अपवाद नाही. प्रमाणाचा तराजू इथं आणतच नाहीत.

मग कसाबवर ‘युद्ध पुकारल्याचा’ गुन्हा कसा लागला, असं मला एका तरुण वाचकानं विचारलं होतं. भारतीय दंडविधानाचं १२१ वं कलम सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याबद्दल होतं, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशीची शिक्षा कायम केली. पण तो देशांतर्गत गुन्ह्याचा शब्द आहे. त्यानं माणूस सैनिक होत नाही. याच न्यायालयानं २००४ मध्ये मदनसिंग खटल्यात दहशतवाद म्हणजे काय याची एक सुटसुटीत कल्पना स्वीकारली होती. जे युद्धात केलं तर युद्धगुन्हा ठरेल, तेच शांततेत केलं तर दहशतवादी कृत्य. या कसोटीत कुठं ‘कोणत्या धर्माचा’, ‘कोणत्या देशाचा’ येत नाही, म्हणून मला ती आवडते.

आणि ती गणवेशातल्या सैन्यालाही लागू पडते. १९९० च्या दशकात बोस्नियाची राजधानी साराजेव्होला बोस्नियन सर्ब सैन्यानं वेढा घातला होता, तेव्हा पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या, ट्रामनं जाणाऱ्या लोकांवर डोंगरावरून नेमबाज आणि तोफा चालवल्या जात होत्या. चालवणारे गणवेशातले होते, हुकमाची साखळी होती. त्यांचा जनरल स्टानिस्लाव गालिच याला हेगच्या न्यायालयानं २००३ मध्ये नेमकं नागरिकांत दहशत पसरवण्याच्या गुन्ह्याखाली दोषी ठरवलं, आणि २००६ मध्ये अपिलात शिक्षा वाढून जन्मठेप झाली.

उरला तो नेहमीचा मुद्दा, की एकाचा अतिरेकी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक. यात तथ्य आहे, पण ते बिरुदापुरतं. १० मार्च १९६५ ला सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड हाउस या बँकेच्या इमारतीत इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी बॉम्ब ठेवला. साधे कपडे, साधी इमारत, तीन मेले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयानं, त्यांचा युद्धकैदीपणाचा दावा फेटाळला, १९६८ मध्ये त्यांना फाशी झाली. इंडोनेशियात ते राष्ट्रवीर आहेत आणि त्यांच्या नावाची युद्धनौकाही आहे. वीर म्हणणं देशाच्या हातात असतं. पण त्या बँकेत काम करणारी माणसं त्यानं लष्करी लक्ष्य होत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत मंडेला आणि सोबत्यांनी १९६१ मध्ये शस्त्र उचललं तेव्हा त्यांनी समोरचे पर्याय मोजले होते. घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद, उघड क्रांती. १९६४ च्या खटल्यात मंडेलांनी न्यायालयाला सांगितलं की आम्ही घातपात निवडला, कारण त्यात जीव घ्यावा लागत नाही आणि उद्या एकाच देशात एकत्र राहायची वाट उरते. मे १९८३ मध्ये प्रिटोरियात हवाई दलाच्या कचेरीबाहेर, रस्त्यावर, मंडेलांच्याच संघटनेच्या मोटार-बॉम्बनं १९ जण मेले. पुढे त्यांच्याच देशाच्या सत्यशोधन आयोगानं वर्णद्वेषी राजवटीला दोषी धरलंच, पण या चळवळीच्या हातूनही मानवी हक्कांचे गंभीर भंग झाले असं नोंदवलं. न्याय्य बाजूला असं तोंडावर सांगायला धैर्य लागतं.

१९७७ च्या करारानं वसाहतवादी सत्तेविरुद्धच्या लढ्याला आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा दिला, म्हणजे असे लढवय्ये नियम पाळत असतील तर त्यांना युद्धकैदी मानावं लागेल. भारतानं हा करार अजून मंजूर केलेला नाही. दहशतवादाविरुद्ध एक सर्वंकष जागतिक करार व्हावा असा प्रस्ताव भारतानंच १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडला. तोही अडकला आहे, आणि अडकण्याची मोठी कारणं हीच, मुक्तिलढे आत की बाहेर, सरकारी फौजा आत की बाहेर.

आजोबांच्या बेचाळीसाकडे शेवटी येतोच. साताऱ्याच्या प्रतिसरकारला इंग्रजांच्या कायद्यात एकच नाव होतं, दरोडेखोर. पण वरचे प्रश्न लावून पाहू. दुसरं महायुद्ध चालू असताना तारा आणि रूळ हे सरकारच्या युद्धयंत्रणेचे भाग होते. रूळ उखडायचे, पण त्यावरून भरलेली प्रवासी गाडी येणार आहे का हे बघायचं की नाही, यावर सगळं ठरतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं रुळावर दगड रचून रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली आणि पैसा नेला. पगाराची पेटी हे लष्करी लक्ष्य होतं का? काटेकोरपणे पाहिलं तर मला शंका आहे. ते राजवटीच्या तिजोरीवरचं पाऊल होतं, युद्धाच्या कायद्यापेक्षा बंडाच्या नीतीत बसणारं. मोहिमेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ नव्वदी ओलांडल्यावरही ‘गाडी लुटली’ हा शब्द ऐकून घेत नसत. ब्रिटिशांनी लोकांचा पैसा चोरला होता, तो परत आणला, असं त्यांचं म्हणणं.

आजोबांना मी नंतर, मोठेपणी, दुसरा प्रश्न विचारला होता. रूळ काढताना गाड्यांचं वेळापत्रक कुणाकडे असायचं? ते हसले नाहीत. म्हणाले, गावचा एक पोरगा गँगमनचा भाचा होता, त्याला आधी पाठवायचो. “पाशिंजर गेल्याबिगर हात लावायचा न्हाई.”